हडळीचं पान

आनंदा, तुझ्या तेराव्याला माणसं जेवून उठली आन् हात धुता धुता मोरीपाशी बोलाय लागली, की भुतं काढत बसायचा, भुतानंच न्येला. मी आत ताटं गोळा करालतो. ऐकाय आलं. तिथनंच म्हटलं, भुतानं न्येला आसता तर सांगून तरी न्येला आसता, ह्यो सांगून गेला व्हय? दोन दोन लाडू खाल्लेली माणसं, काय बोलणार.

त्येंच्यावर माझा राग थोडा हाय. तुझ्यावर जास्त हाय. भांडण अर्ध्यात टाकून माणूस उठून जातंय का कुठं? मंगळवारी आपलं वाजलं. बुधवारी तू बोलला न्हाईस. गुरवारी मी बोललो न्हाय, मुद्दाम, ताट नुसतं म्होरं सरकवलं. आन् शुक्रवारी दुपारी तुझ्या फ्लेक्सच्या दुकानातनं फोन, की आनंदा मशीनपाशी बसलाय त्यो उठंना. म्हंजे शेवटचं बोलणं कुठलं, तर मंगळवारचं. ते मला आता जलमभर पुरणार.

ह्ये मी सांगालोय आन् वैशाली लिहून घ्यालीया. तुझ्या खेळातली वैशाली, बँकेत हाय ती. तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मावशीचं चार शब्द पायजेत म्हणली. मी म्हटलं, चार शब्दांत माझं भागत न्हाय, आन् गोड बोलायला सांगू नको. बोलीन तसं लिव. दुसरी पतोर शिकलोय मी नेसरीकडं आमच्या गावात, लिवाय येत न्हाय आसं न्हाय, पर बोटं आता वळत न्हाईत.

पुस्तक सगळं तयार हाय म्हणती ती. एका पानाचं तेवढं आडलंय. हडळीचं. ठेवायचं का काढायचं, ते तू ठरवणार हुतास, आन् तू न ठरवताच गेलास. आता छापखान्याचा माणूस वैशालीला इचारतोय, वैशाली मला इचारती. मी कुणाला इचारू?

तुझा खेळ मला पयल्यांदा कळंना. तीस वर्सं वलांडलेली माणसं रविवारी सकाळी येणार, चटईवर बसणार, मधी कागदावर रस्ता आन् डोंगूर काढणार, आन् चिंचोकं घेऊन त्येच्यावर फिरणार. ह्यो चिंचोका म्हंजे मी, त्यो चिंचोका म्हंजे शकील. तू गोष्ट सांगणार, म्होरं काय झालं ते फासा ठरवणार. फाशाला वीस बाजू. वीस बाजूंचा फासा मी बाजारात कधी बघितला न्हवता. आन् वाटंत भूत भेटणार. भूत भेटलं की तुझी वही उघडायची. एका भुताला एक पान, वर चित्र, खाली त्येला जीव किती, मार किती, कशाला भितंय, कशानं मरतंय.

ती भुतं कुणाची? माझी. मुंजा मी सांगितला, खवीस मी सांगितला, गिऱ्हा मी सांगितला. तू भाकरी खात इचारायचास, मी सांगायचो, तू डाव्या हातानं जेवायचास आन् उजव्यानं काढायचास. मी म्हणायचो, मुडद्या, आधी गिळ. आता त्यो शबुद तोंडात आला की मी तोंड दाबून धरतो. खवीसाला तू काळा चष्मा घातलास. मी म्हटलं, आमच्या खवीसाला चष्मा न्हवता. तर म्हणालास, दिवसभर आसल्याच चष्मेवाल्या पुढाऱ्यांचं वाढदिवसाचं बोर्ड करतो मावशे, हात तिकडंच जातोय. पर पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिवायचास, मावशीनं सांगितल्याप्रमाणं. हरेक पानावर. कुणी सांगितलं न्हवतं तुला.

एकदा मला बी खेळाय बसवलंस. लसूण सोलत बसलोतो, माझ्या म्होरं एक चिंचोका ठेवलास.

"मावशे, तुझी पाळी. माळावर चकवा लागलाय तुला. फिरून फिरून त्याच जाग्यावर यालीयास. काय करतीस सांग."

"बसतो खाली."

"बसून?"

"भाकरी सोडतो. आपूआप वाट दिसती मग."

शकील म्हणाला, "मावशी, चकव्याला मारायचं आसतंय. बावीस जीव हाईत त्येचं."

"त्येनं तुझं काय खाल्लंय रं? गॅरेजात दिवसभर हातोडा मारून पोट भरत न्हाय व्हय तुझं?"

लई हसली सगळी. तू हसला न्हाईस. पेन्सिल कानामागं लावून मला बघत ऱ्हायलास आन् मग वही वडून लिवलंस, खाली बसून भाकरी खाल्ली तर चकवा निघून जातो. दुसऱ्या रविवारी गिऱ्ह्याला तंबाखू देऊन सोडवलं मी. मुंजाचं लगीन लावून दिलं. तू म्हणालास, मावशे, तू माझ्या निम्म्या राक्षसांची नोकरी घालवलीस. पर तुला आवडलं हुतं. मला ठावं हाय.

येवढं सांगितलं, आन् हडळीचं काय कधी सांगितलं न्हाय मी. तू दोन-तीनदा इचारलंस. एकदा दूध उतू चाललंय म्हणून उठलो, एकदा झोप आली म्हटलं. त्येचा तू काय आर्थ काढलास, ते मला मंगळवारी कळलं.

मंगळवारी दुपारी तू दुकानातनं आलास ते बगलंत फ्लेक्सची गुंडाळी घेऊन. कवा न्हाय ते येळंवर घरी. म्हणालास, मावशे, पुस्तकावरचं चित्र झालं, तुला आधी मोठं करून दाखवतो. आन् सोप्यात पलंगावर उलगडलंस. येवढी मोठी बाई. केस सुटल्यालं, हातात हिरवा चुडा, पाय उलटं, आन् दोन्ही तळपायात खिळं. ते बी सोसलं आसतं मी. पर तोंड हौसाचं हुतं. तुझ्या आईचं. तिचा फोटू कुठं न्हाय, तू तिला कधी बघितलं न्हाईस. तू चित्रं आरशात बघून काढायचास, आपलंच नाक आपलंच डोळं घालायचास. तुझं नाक कुणाचं हाय ते तुला काय म्हाईत.

मी ते फ्लेक्स उचललं, घरामागच्या परड्यात न्येलं आन् शेणीवर पालथं घातलं.

तू मागनं पळत आलास. "हे काय गं मावशे? आठ दिवस बसलोय त्येच्यावर."

"काढ ते पान."

"का?"

"काढ म्हटलं की काढ."

"कारण सांग की. चकव्याला भाकरी, गिऱ्ह्याला तंबाखू. हिनंच काय घोडं मारलंय तुझं?"

"जीव किती लिवलाईस तिला?"

"शंभर. सगळ्यात जास्त. तू सगळ्यांचं सांगितलंस, हिचं तेवढं सांगितलं न्हाईस. म्हंजे तू हिला भ्यातीस. मावशी जिला भ्याली ती सगळ्यात मोठी पायजे का नको?"

"आन् मरती कशानं?"

"पायात लोखंडाचा खिळा ठोकला की."

"कुणी सांगितलं तुला?"

"मामानं."

तिथं माझं डोस्कं फिरलं. तुला काय काय बोललो ते आता लिवाय सांगत न्हाय. भुताच्या नादानं घर बसवलं न्हाईस इथपतोर बोललो. तू म्हणालास, कारण सांग, आत्ता काढतो. मी म्हटलं, कारण न्हाय. तू म्हणालास, मग काढत न्हाय.

आता ऐक कारण.

तुला मी सांगितलं, तीन महिन्यांचा हुतास, तुझी आई तापानं गेली. खोटं सांगितलं. तू जलमलास आन् तासाभरात ती गेली. पयलं बाळंतपण म्हणून माहेरी आलती, एकोणीस वर्साची. दोन दिवस आडली. दवाखान्याला न्यायला गाडीची वाट बघत बसली सगळी, गाडी आली तवा गाडीचं काम ऱ्हायलं न्हवतं. तू काळानिळा, रडंना, सुईणीनं तुला उलटा धरून चापट्या मारल्या. हौसानं तेवढं इचारलं, "आक्का, काय हाय?" मी म्हटलं, "पोरगं हाय." तिनं डोळं मिटलं. मला वाटलं दमलीया.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ हुती, म्हणायची. पोराच्या वडीनं माघारी येती. म्हणून तिची वाट बांधाय लागायची. आबांनी, तुझ्या आज्यानं, अण्णाला हाक मारली. अण्णा म्हंजे तुझा मामा, बावीस वर्साचा हुता. त्येनं लोहाराकडनं खिळं आणलं. तिच्या हातात चुडा तसाच हुता. म्होरच्या दारानं न्येली न्हाय तिला, परड्यातनं काढली. आन् मागं वाटभर बारीक राळं टाकत गेली, की ती परत याय लागली तर दाणं येचत बसावी, घर गाठू नये. आपल्याच घरला. जिथं जलमली तिथं.

मी म्हशीच्या आडोशाला हुबा हुतो, तुला पदरात घेऊन. सव्वीस वर्साचा जीव माझा, पदरी मूल न्हवतं. ठोकल्याचा आवाज आला. आनंदा, त्या दिवशी मी कुणालाच काय बोललो न्हाय, आई रडालती, आबा दाराकडं तोंड करून बसलेलं, आन् मी पदर तुझ्या कानावर घेतला. तेवढंच केलं. जिवंत बाईच्या दुखण्याला दोन दिवसांत कुणाला काय सुचलं न्हाय. मेल्यावर मातूर सगळं सुचलं. खिळं सुचलं, राळं सुचलं.

तुझ्या बापानं सा महिन्यांत दुसरं लगीन केलं. तुला घेऊन मी इकडं गडमुडशिंगीला आलो. आमचं मालक चार महिन्यांनी गेलं, मग गुऱ्हाळावर जाय लागलो. चिपाडं वडायची, वाळवायची, चुलवाणाला घालायची. तुला लुगड्याच्या झोळीत आंब्याला टांगायचो. जरा चालाय लागलास तर चुलवाणातला इझलेला कोळसा घेऊन गुऱ्हाळाची भिंत काळी केलीस. गुऱ्हाळवाला वरडला. मग बघत हुबा ऱ्हायला आन् म्हणाला, आवं ह्येनं तर माझा बैल काढलाय की. तवापासनं तुझं चित्र सुरू हाय. ते दिस वाईट हुतं आसं मला वाटत न्हाय. पाठ जायची, खरं. पर संध्याकाळी भिंत बघाय मिळायची.

कितींदा मनात आलं तुला सांगावं. तू साळंत गेलास, म्हटलं मोठा हू दे. मोठा झालास, म्हटलं लगीन हू दे. लगीन तू केलं न्हाईस. आन् नंतर भुतांच्या वह्या सुरू झाल्या, तवा तर मी ठरवलंच की ह्येला आता सांगायचं न्हाय, ह्यो लगेच लिवून काढंल. तू न सांगता लिवून काढलंस.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा मामा गेला न्हाय, थांबला. दुपारी सोप्यात बसून म्हणाला, "आक्का, एक सांगू का? त्या भुतांच्या वह्या घरात नगोत. पंचगंगेला सोडून येतो."

मी म्हटलं, "अण्णा, खिळ्याचं तू सांगितलंस त्येला?"

"त्येनं इचारलं, हडळ कशानं मरती. सांगितलं."

"कुणाच्या पायातला ते बी सांगायचं हुतंस."

त्येनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "आबांनी सांगितलं म्हणून केलं मी. त्या टायमाला सगळीच करायची."

"सगळ्यांची बहीण न्हवती ती. माझी आन् तुझी हुती."

"मला काय बरं वाटलं व्हय ते करताना?"

"वाटलं न्हाय, तर पोराला कथा करून कशी सांगितलीस? च्या पीत सांगितली आसशील."

त्येनं टोपी उचलून परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आक्का, मला भ्या वाटतंय. तवापासनं वाटतंय. परड्याच्या दाराला पाठ करून मी झोपत न्हाय." सदुसष्ट वर्साचा माणूस, नातवंडं हाईत त्येला. मला दया आली, पर ती मी दाखवली न्हाय. म्हटलं, "भी. तुला भ्यायलाच पायजे. वह्या मिळणार न्हाईत." पाचच्या एस्टीनं गेला. जाताना शेणीवरच्या त्या फ्लेक्सकडं बघितलं न्हाय.

त्यो गेल्यावर वैशालीला सगळं सांगितलं. ती म्हणली, मावशी, काढून टाकूया पान, आनंदाला कळलं आसतं तर त्येनंच काढलं आसतं. मी बी व्हय म्हटलं. आन् दोन दिवस मला गोड लागंना. काढायचं म्हंजे काय, तर परत परड्यातनंच न्यायचं तिला. सगळी भुतं म्होरच्या दारानं पुस्तकात शिरणार, खवीस चष्मा घालून बसणार, आन् हौसाला तेवढी जागा न्हाय. मी वैशालीला फोन केला. म्हटलं, ह्या रविवारी या सगळी. खेळूया.

आली चौघं. तुझ्या जाग्यावर कुणी बसंना. मग मीच बसलो. शकीलनं कागदावर रस्ता काढला, हीर काढली, एक घर काढलं. चिंचोकं मांडलं. मला तुझ्यागत बोलाय येत न्हाय, पर म्हटलं, "वाटंत एक बाई हुबी हाय. हातात हिरवा चुडा हाय. पाय उलटं हाईत."

शकीलनं सवयीनं फासा उचलला. "मारू?"

"का? काय केलंय तिनं?"

"अजून काय न्हाय."

"मग ठेव खाली. इचार तिला काय पायजे."

त्यो खाली बघत म्हणाला, "बाई, काय पायजे तुमास्नी?"

मी म्हटलं, "माझं पोरगं कुठं हाय?"

शकीलला ह्यातलं काय ठावं न्हवतं. वैशाली बोलली, "मोठं झालं, बाई. तुमच्या बहिणीनं वाढवलं."

"काय करतंय?"

"चित्रं काढतंय."

"येळंवर जेवतंय का?"

"न्हाय," वैशाली म्हणली. "मावशी वरडती त्येला."

हौसाचं बोलणं मीच बोलालतो, आन् ती काय इचारंल ते मला समदं ठावं हुतं, पर मी पदर डोळ्याला लावला. शकीलनं पाण्याचा तांब्या सरकवला. त्येला काय कळलं काय न्हाय देव जाणं, पर फासा त्येनं खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "मावशी, आता हिचं काय करायचं?"

"तिला घरला जायचंय. वाट द्या."

त्येंनी आपापलं चिंचोकं रस्त्याच्या कडंला घेतलं. एकेक करून. शकीलनं घराला दार काढलं न्हवतं, ते वैशालीनं पेनानं काढलं, म्होरच्या बाजूनं.

पान आता छापाय दिलंय, आनंदा. वर हडळ म्हणूनच लिवलंय. वैशाली बदलूया म्हणत हुती, मी बदलू दिलं न्हाय. लोकांनी दिलेलं नाव हाय, लोकांनीच वाचावं. जिवाचा आकडा काढलाय. ती मेलेलीच हाय, तिला आणिक काय मारायचं. कशानं मरती तिथं लिवलंय, हिला मारायचं न्हाय, पोराचं इचारंल, खरं सांगायचं आन् वाट द्यायची. चित्र पुस्तकावर तसंच हाय, तुझंच. खिळं तेवढं वैशालीनं कॉम्प्युटरात पुसलं. पाय उलटं हाईत ते ऱ्हाऊ दिलं, चालती तशी चालू दे. तळाला बारीक अक्षरात, मावशीनं सांगितल्याप्रमाणं. ह्या पानावर ते आता खरं हाय.

तुला इचारलं न्हाय मी. इचाराय तू ऱ्हायलास कुठं? आसतास तर वही आपटली आसतीस आन् म्हणाला आसतास, मावशे, जीव न्हाय, मार न्हाय, हे खेळात चालत न्हाय.

चालतंय. मी चालवून बघितलंय.